संग्रहालयाने मत द्यावे

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला ‘अजब बंगला’ हे नाव लोकांनी दिले. १८६३ साली स्थापन झालेल्या या वास्तूकडून लोकांची अपेक्षा काय, ते त्या नावातच आले. जावे, तोंडात बोट घालावे, आणि बाहेर येऊन चणेफुटाणे खावेत. दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने याहून अधिक काही मागू नये, असे आपल्या बऱ्याच संग्रहालयांनाही वाटत असावे.

या बंगल्यात पवनीहून आलेला एक दगडी खांब आहे. त्यावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव कोरलेले आहे. क्षत्रप म्हटले की आपल्याला गुजरात-माळवा आठवतो. मग वैनगंगेकाठच्या पवनीत हे नाव कसे? त्यांची सत्ता इथवर पोहोचली होती, की हा पाहुणा निराळाच? असा प्रश्न उभा करणाऱ्या वस्तूखाली ‘स्तंभ, पाषाण’ एवढेच लिहिणे म्हणजे शाळेच्या दाखल्यावर मुलाची उंची नोंदवून नाव गाळण्यासारखे आहे.

पवनीच्या दगडांना बोलते करणारी माणसे झाली नाहीत असे नाही. भार राजा भगदत्त याचा इथलाच लेख वा. वि. मिराशी यांनी वाचला आणि त्याचा धागा भारशिवांशी नेऊन जोडला. हे भारशिव म्हणजे वाकाटकांची सोयरी; भारशिव राजा भवनाग याची मुलगी वाकाटकांच्या घरी दिलेली. तर्क पटो वा न पटो, एका दगडावरून विदर्भाच्या इतिहासाची एक वाट दिसू लागली. पुढे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडी खणली. देव आणि जोशी यांनी लिहिलेला त्या उत्खननाचा अहवाल १९७२ साली निघाला. टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला, आणि ब्राह्मीत कोरलेली दात्यांची नावे. त्यांत ‘पंचनेकायिक’ हे बिरुद आहे. पाचही निकाय, म्हणजे बुद्धवचनाचे पाचही संग्रह, जाणणारा असा त्याचा अर्थ. हेच बिरुद भारहूत-सांचीच्या लेखांतही भेटते. तेव्हा आज ज्याला आपण आडगाव म्हणून मोकळे होतो, तिथे दोन हजार वर्षांमागे विद्वत्तेला मान होता, आणि तो मान दगडावर कोरण्याइतका मोठा होता!

संग्रहालयात असा पंचनेकायिक कुठे आहे? यावर ठरलेले उत्तर येते: विचार करणे हे विद्यापीठाचे काम, आमचे काम राखण. हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. मुंबईच्या संग्रहालयाचे (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी ‘सार्थवाह’ लिहून प्राचीन भारतातल्या व्यापारी वाटा अभ्यासकांपुढे ठेवल्या. वस्त्रे, वेशभूषा, चित्रे यांवरही ते लिहीत राहिले. वस्तूंची राखण त्यामुळे कुठे अडली नाही. उलट, कोणती वस्तू कशासाठी राखायची, हे विचार केल्यावाचून कळायचे कसे?

मत दिले की चूक होण्याचा धोका आलाच. सरकारी नोकरीत तो कोणाला नको असतो, आणि त्यात नवल नाही. परंतु पवनीहून एस.टी.ने आलेले पोर आपल्या गावचा खांब पाहायला उभे राहते तेव्हा त्या पोराला नुसते शतक सांगून काय उपयोग? मला तिथे अशी पाटी हवी: ‘हा खांब पवनीचा. यावर एका महाक्षत्रपाचे नाव आहे. तो इथला धनी होता की पाहुणा, यावर विद्वानांचे एकमत नाही. आम्हांला अमुक वाटते, कारण अमुक.’ आणि खाली लिहिणाराची सही, वर्षासकट. म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला ती पाटी उतरवून नवी लावता येईल.