भय, कोडे आणि खेळणाऱ्यांचे अभिप्राय : ‘पी. टी.’ या लघु भयखेळाच्या आस्वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीत भयकथेला वाचकांची वाण कधीच पडली नाही. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या पुस्तकांनी अनेक पिढ्यांच्या रात्री जागवल्या. त्या मानाने समीक्षेने या प्रकाराची दखल उशिरा आणि हात राखून घेतली. ‘भीती वाटली’ हा वाचकाचा अभिप्राय वाङ्मयीन मूल्यमापनाचा आधार होऊ शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे बराचसा अनुत्तरित राहिला. आज हाच प्रश्न संगणकीय भयखेळांच्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला आहे. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बोलण्यात कथा-कादंबरीपेक्षा अशा खेळांचे संदर्भ अधिक येतात. त्यांच्या बोलण्यात आस्वाद आणि तुलना तर असतेच, शिवाय तक्रार आणि मूल्यनिर्णयही असतो. समीक्षेची ही मूलद्रव्ये आपण अध्यापक मात्र ‘वेळेचा अपव्यय’ या एका शब्दात निकालात काढतो.

प्रस्तुत लेखात ‘पी. टी.’ या लघु मानसशास्त्रीय भयखेळासंबंधी खेळणाऱ्यांनी व्यक्त केलेल्या मतांचा विचार केला आहे. (पी. टी. म्हटल्यावर आपल्याकडे शारीरिक शिक्षणाचा तास आठवतो. येथे या अक्षरांचा अर्थ ‘प्लेएबल टीझर’, म्हणजे खेळता येणारी पूर्वझलक, असा आहे.) हे अभिप्राय कसे वाचावेत आणि त्यांतील निरीक्षण कोणते व समजूत कोणती हे कसे ओळखावे, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

खेळाचे स्वरूप :

हा खेळ १२ ऑगस्ट २०१४ रोजी जर्मनीतील गेम्सकॉम या मेळाव्याच्या वेळी प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी विनामूल्य उपलब्ध झाला. निर्माता म्हणून ‘७७८०एस स्टुडिओ’ असे नाव दिले होते. प्रत्यक्षात अशी कोणतीही संस्था नव्हती. खेळ पूर्ण करणाऱ्यालाच अखेरीस कळे की ही ‘सायलेंट हिल्स’ या आगामी खेळाची जाहिरात असून तिच्यामागे हिदेओ कोजिमा हे जपानी खेळरचनाकार आणि गिलेर्मो देल तोरो हे चित्रपट दिग्दर्शक आहेत. शिझुओका या जपानी प्रांताच्या नावाचा अक्षरार्थ ‘शांत टेकडी’ असा होतो आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७७८० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निर्मात्याच्या खोट्या नावातच पहिले कोडे दडलेले होते.

खेळाची रचना अत्यंत साधी आहे. काटकोनात वळणारी घरातील एक बोळ, एक न्हाणीघर, एक रेडिओ, एक दूरध्वनी आणि मध्यरात्रीला एक मिनिट कमी दाखवणारे घड्याळ, एवढाच त्याचा पसारा. खेळणाऱ्याच्या हाती शस्त्र नाही. चालणे आणि निरखून पाहणे एवढेच त्याला करता येते. बोळीच्या टोकाचे दार उघडले की तो पुन्हा त्याच बोळीच्या आरंभी येतो. मात्र प्रत्येक फेरीत काहीतरी बदललेले असते. कधी दिवा लाल होतो, कधी छताला टांगलेल्या फ्रीजमधून रडण्याचा आवाज येतो, तर कधी लिसा नावाची स्त्री समोर उभी असते. रेडिओवरील बातमी पत्नी आणि मुलांची हत्या करणाऱ्या पित्याविषयी सांगत असते. एका घरातील हिंसेची ही हकीकत खेळणाऱ्याला तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागते.

मराठवाड्यातील वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच बांधावर येतो, या अनुभवाला आपल्याकडे ‘चकवा’ म्हणतात. चकव्यातले भय रस्ता अनोळखी असल्याचे नसते. रोजच्या पायाखालचीच वाट माणसाला परकी होते, आणि ‘पी. टी.’मधील भयाची जातही हीच आहे.

अभिप्रायांचे तीन प्रवाह :

या खेळासंबंधीच्या मतांचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसून येतात. पहिला प्रवाह भयाने भारावलेल्यांचा आहे. हा आपण अनुभवलेला सर्वांत भीतिदायक खेळ होय, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांतील काहींना तो भीतीमुळे पूर्णही करता आला नाही. दुसरा प्रवाह तक्रारीचा आहे. खेळातील कोडी, विशेषतः शेवटचे कोडे, इतके दुर्बोध आहे की काही वेळाने भय ओसरते आणि केवळ वैताग उरतो, असे या गटाचे म्हणणे आहे. तिसरा प्रवाह प्रेक्षकांचा आहे. यांनी खेळ स्वतः खेळलेला नाही. दुसऱ्याने खेळलेल्याचे चित्रीकरण पाहिले आहे. आमच्याकडील बहुतेक विद्यार्थी याच वर्गात मोडतात. प्लेस्टेशन घेणे सर्वांना परवडणारे नव्हते आणि नंतर तर खेळच उपलब्ध राहिला नाही. वसतिगृहाच्या खोलीत चारपाच जणांनी एका मोबाइलभोवती बसून तो पाहिला, असे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या अभिप्रायात खेळणाऱ्याच्या घाबरण्याचे वर्णन अधिक येते. रसशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी विभावापेक्षा अनुभावाचा आस्वाद अधिक घेतलेला असतो.

भयानक रस आणि ताटस्थ्य :

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय हा सांगितला आहे. परंतु प्रत्यक्ष भय आणि भयानक रस एक नव्हेत. अभिनवगुप्ताने हे स्पष्ट करताना ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचा दाखला घेतला आहे. तेथे सहृदयाला जाणवणारे भय ‘मी भ्यालो’ किंवा ‘हा माझा शत्रू वा मित्र भ्याला’ अशा व्यक्तिगत संबंधातून मुक्त असते. भय स्वतःचे झाले की ते टाळण्याची इच्छा उत्पन्न होते आणि रसास्वादात विघ्न येते.

संगणकीय खेळात हे साधारणीकरण कठीण होते, कारण बोळीत चालणारा ‘मी’च असतो. लिसा दिसल्यावर खेळ बंद करणारा खेळाडू नेमका याच विघ्नाचा बळी असतो. मग खेळात भयाचा रस होतो तो कशामुळे? माझ्या मते हे कार्य कोडे करते. फाटलेल्या छायाचित्राचे तुकडे शोधताना भ्यालेल्या मनाला काम मिळते आणि भीती व खेळाडू यांच्यात विचाराचे अंतर निर्माण होते. कोडे हे या प्रकारातील ताटस्थ्याचे साधन होय. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या प्रवाहातील मते वरवर परस्परविरोधी असली तरी एकाच गोष्टीची साक्ष देतात. कोडे अपुरे पडले की भय असह्य होते आणि कोडे अतिदुर्बोध झाले की भय विरून जाते.

भय आणि कोडे यांची ही सांगड आपल्या परंपरेत फार जुनी आहे. ‘वेताळ पंचविशी’त राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ कथा सांगून प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. पुन्हा तीच वाट, तेच झाड, तेच ओझे. बदलते ती फक्त कथा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त या कथा आहेत. त्याचा मूलस्रोत मानल्या जाणाऱ्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’ची आख्यायिका आपल्या मराठवाड्यातील प्रतिष्ठान म्हणजे पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली आहे. मात्र वेताळाच्या खेळात आणि ‘पी. टी.’त एक मूलभूत भेद आहे. वेताळ नियम आधी सांगतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, ही अट राजाला माहीत असते. अखेरच्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही म्हणून राजा गप्प राहतो, तेव्हा त्या मौनाचा अर्थही त्या अटीमुळेच लागतो. ‘पी. टी.’मध्ये अट सांगितलेलीच नाही.

शेवटचे कोडे आणि विधीची निर्मिती :

हे कोडे सोडवायला खेळाडूंना किमान आठवडा लागेल, अशी कोजिमांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही तासांतच ते सुटले. तथापि ते नेमके कशामुळे सुटले याविषयी एकमत झाले नाही. घड्याळाचे ठोके पडल्यावर मोजून दहा पावले चालावे, मग निश्चल उभे राहावे, बाळाचे हसणे ऐकू आल्यावर हलू नये, हातातील नियंत्रक थरथरेपर्यंत थांबावे, असे उपाय पुढे आले. मायक्रोफोनमध्ये एक विशिष्ट नाव उच्चारावे, असेही अनेकांनी छातीठोकपणे सांगितले. अखेर दूरध्वनी वाजला की प्रत्येकाला वाटे, आपण नुकतेच जे केले त्यामुळेच तो वाजला.

येथे मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रयोगाची आठवण होते. बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने त्याच्यासमोर दाणे येत. तरीही आठपैकी सहा कबुतरांत ठळक ठरीव हालचाली निर्माण झाल्या. एक गोल फिरू लागले, दुसरे मान कोपऱ्याकडे झटकू लागले. दाणे येताना जे घडत होते तेच जणू दाण्यांचे कारण ठरले. स्किनर यांनी याला अंधश्रद्धा म्हटले.

‘पी. टी.’च्या खेळाडूंची गोष्ट याहून फार वेगळी नाही. यंत्राचा नियम निश्चित होता, पण तो दिसत नव्हता. जेथे कार्यकारणभाव असतो पण झाकलेला असतो, तेथे बुद्धिमान माणूसही विधी रचतो. अशा खेळांमुळे भूतप्रेतांवरील विश्वास बळावेल, अशी शंका आपल्या सहकाऱ्यांकडून व्यक्त होते. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात ही शंका अप्रस्तुत म्हणता येणार नाही. परंतु माझ्या पाहण्यात लिसाचे भूत खरे मानणारा एकही विद्यार्थी आलेला नाही. दहा पावलांचा उपाय खरा मानणारे मात्र अनेक भेटले. पडद्यावरील भुतापेक्षा झाकलेल्या नियमाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल, ते यासाठी. लातुरात प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा, भौतिकशास्त्रातील प्रत्येक पायरीचे कारण देणारा विद्यार्थीही परीक्षेला जाताना ठरावीक पेनच खिशाला लावतो, हे आपण पाहतोच.

अभिप्रायातील निरीक्षण :

याचा अर्थ खेळाडूंची सारीच मते समजुती असतात असा नव्हे. खेळताना कुणीतरी सतत पाठीशी आहे असे वाटते, असे अनेकांनी म्हटले होते. हा मनाचा खेळ समजला गेला. पुढे २०१९ मध्ये एका प्रोग्रामरने खेळातील दृश्यकोन यंत्राबाहेरून बदलून पाहिला, तेव्हा हाती विजेरी आल्यापासून लिसाची आकृती खेळणाऱ्याच्या पाठीमागे खरोखरच जोडलेली असते, असे दिसून आले. तिची सावली आणि तिचे आवाज खेळाडूंच्या जाणिवेच्या कडेला पोहोचत होते. म्हणजे त्यांच्या अनुभवाची नोंद अचूक होती. दहा पावलांविषयीचे मत आणि पाठीमागच्या अस्तित्वाविषयीचे मत दोन्ही सारख्याच खात्रीने मांडली गेली होती. फरक असा की पहिल्यात खेळाडू कारण सांगत होता आणि दुसऱ्यात केवळ काय जाणवले ते सांगत होता. आस्वादकाचा शब्द अनुभवाच्या बाबतीत प्रमाण मानावा. कारणाच्या बाबतीत मात्र तो तपासून घ्यावा.

लुप्त कलाकृती :

‘पी. टी.’ दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. परंतु कोनामी कंपनीने ‘सायलेंट हिल्स’ रद्द केल्यावर २९ एप्रिल २०१५ रोजी तो दुकानातून काढून टाकण्यात आला आणि पुढे पुन्हा उतरवून घेणेही बंद झाले. ज्या यंत्रांत तो शिल्लक होता ती यंत्रे चढ्या भावाने विकली जाऊ लागली. अशा स्थितीत या कृतीचे अस्तित्व मुख्यतः चित्रीकरणांत आणि अभिप्रायांत उरले आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्याजवळ आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा कोकणात घडणारा हिंदी भयपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला तेव्हा चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. या चित्रपटाच्या मुळाशी धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. पुढील काही वर्षे प्रेक्षक तो एकमेकांना सांगत राहिले आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. ‘तुंबाड’ला प्रेक्षकांच्या मतांनी दुसरा जन्म दिला, कारण कृती जपलेली होती. ‘पी. टी.’च्या वाट्याला तेवढीच निष्ठा येऊनही ते घडले नाही, कारण कृती एका कंपनीच्या मुठीत होती.

निष्कर्ष :

१. लघु भयखेळात कोडे हे ताटस्थ्याचे साधन असून भयाचे रसात रूपांतर होणे त्याच्या प्रमाणशीरतेवर अवलंबून असते.

२. ‘फार भीती वाटली’ आणि ‘फार कंटाळा आला’ ही मते एकाच रचनेच्या दोन टोकांची साक्ष देतात, म्हणून ती एकत्र वाचावीत.

३. नियम झाकलेला असेल तेथे सुशिक्षित खेळाडूही विधी निर्माण करतो. अंधश्रद्धेचे मूळ समजावून सांगण्यासाठी हे उदाहरण वर्गात उपयोगी पडू शकते.

४. मूळ कृती नष्ट झाल्यास अभिप्राय हाच तिचा दस्तऐवज ठरतो, त्यामुळे त्याची काळजीपूर्वक नोंद होणे आवश्यक आहे.

समारोप :

चकवा लागला तर धावू नये, जागच्या जागी बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी, असे आमच्या गावातील वडीलधारी माणसे सांगत. या सल्ल्यात मंत्र नाही आणि तोडगाही नाही. दिसत नसताना कारण ठरवू नये, एवढेच शहाणपण त्यात आहे. विद्यार्थी एखाद्या खेळाविषयी आवेशाने बोलू लागला तर त्याला थांबवण्याऐवजी आपण दोन प्रश्न विचारावेत : तुला काय जाणवले? आणि ते कशामुळे, हे तू कसे ठरवलेस? समीक्षेचा अभ्यासक्रम या दोन प्रश्नांपासून सुरू होऊ शकतो. त्यासाठी विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल आधी काढून घेण्याची आवश्यकता नाही.