निवांत वाटांचें वाङ्मय

भरतमुनींनीं नाट्यास आठ रस सांगितले. शांत हा नववा मागाहून येऊन बसला, आणि त्याला पंक्तींत पाट मिळावा म्हणून अभिनवगुप्तासारख्या आचार्यास बराच वाद घालावा लागला. शांतरसाची ही उपेक्षा संस्कृत साहित्यापुरतीच नाहीं. जेथें कांहीं घडत नाहीं तेथें वाङ्मय कसलें, ही शंका सर्व देशांतील टीकाकारांच्या मनांत दडलेली असते. फ्रान्समधील ग्रामीण रस्त्यांवरून सायकलीनें केलेल्या भटकंतीचें जें वाङ्मय गेल्या सव्वाशें वर्षांत निर्माण झालें, त्याच्या वांट्यास हीच उपेक्षा आलेली आहे. शर्यतीचें वर्णन वाङ्मय म्हणून वाचलें जातें; निवांत वाटेचें वर्णन मार्गदर्शिका म्हणून खिशांत घातलें जातें. ही विभागणी न्याय्य आहे काय, आणि नसेल तर निवांत वाटेच्या लेखनास कोणती कसोटी लावावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम ह्या वाटा कोठून आल्या तें पाहूं. २१ मे १८३६ च्या कायद्यानें फ्रान्समधील प्रत्येक कम्यूनवर, म्हणजे गांवपालिकेवर, आपापले गांवरस्ते राखण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठीं रहिवाशांनीं वर्षांतून तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत करावी किंवा तिच्याऐवजीं पैसे भरावे, अशी तरतूद होती. गांवास गांव जोडणारें जें दाट जाळें आज दिसतें, त्याला असा शेतकऱ्यांचा घाम लागलेला आहे. पुढें मोटारी आल्या, मग मोटारींसाठीं वेगळे महामार्ग झाले, आणि दहा लाख किलोमीटरांहून लांब अशा ह्या जाळ्याचा फार मोठा भाग जवळजवळ रिकामा राहिला. मिशलँ कंपनीनें १९१० पासून दोन लाखांस एक ह्या प्रमाणाचे नकाशे काढले. त्यांत मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे व किरकोळ पांढरे दाखविलेले असतात. प्रेक्षणीय मार्गास हिरवी कड असते, आणि चढाच्या तीव्रतेप्रमाणें रेघेवर एक, दोन किंवा तीन बाणाग्रें असतात. अनुभवी सायकलस्वार तांबडी रेघ टाळतो, पिवळी ओलांडतो आणि पांढरीच्या मागें लागतो. नकाशाकारानें जिला रंग देण्याच्या योग्यतेची मानली नाहीं, तीच वाट ह्या वाङ्मयाची नायिका होय.

ह्या नायिकेचें पहिलें दर्शन कादंबरीकारांनीं घडविलें, तें शृंगाराच्या अंगानें. १८९८ ह्या एकाच वर्षीं एमिल झोलाची ‘पॅरिस’ आणि मोरीस लब्लांची ‘हे पाहा पंख’ अशा अर्थाच्या नांवाची कादंबरी, अशा दोन कृति प्रसिद्ध झाल्या. झोलानें श्रद्धा गमावलेल्या आपल्या धर्मगुरु-नायकास मारी ह्या तरुणीबरोबर सायकलीवरून सां-जेर्मेंच्या अरण्यांत नेलें, आणि तेथें त्याला नव्या जीवनाची चाहूल लागली असें दाखविलें. लब्लां हा पुढें आर्सेन ल्यूपँ ह्या सभ्य चोराचा जनक म्हणून गाजला. ह्या कादंबरींत त्यानें दोन तरुण जोडप्यांस नॉर्मंडी व ब्रिटनी प्रांतांतून सायकलीवर हिंडविलें, आणि पॅरिसच्या रूढी जसजशा मागें पडत गेल्या तसतशीं त्यांचीं मनें कशीं पालटलीं, अखेर जोड्याच कशा बदलल्या, हें सांगितलें. ह्या शेवटास नाक मुरडणारे वाचक तेव्हांहि असतील व आजहि असतील. आमचा आक्षेप मात्र नीतीचा नसून कलेचा आहे. दोन्ही कादंबऱ्यांत रस्ता हा केवळ उद्दीपन-विभाव आहे. तो माणसांच्या भावना चाळवितो आणि बाजूला होतो. त्याच्या कडेस कोण राहतें, हा प्रश्न प्रेमिकांस पडत नाहीं, आणि लेखकासहि फारसा पडत नाहीं. शहरांतून आलेल्या माणसाच्या लेखणींत खेडें हें बगीचा होऊन बसतें. त्या दोषाचा आरंभ येथें आहे.

पांच वर्षांनीं, १९०३ मध्यें, ‘लोतो’ ह्या क्रीडाविषयक वृत्तपत्रानें आपला खप वाढविण्यासाठीं फ्रान्सची परिक्रमा करणारी शर्यत सुरू केली, आणि शृंगाराची जागा वीररसानें घेतली. ह्या वीररसाचा सर्वांत बुद्धिमान भाष्यकार म्हणजे रोलां बार्त. ‘मितोलोजी’ ह्या १९५७ च्या पुस्तकांतील एका निबंधांत त्यानें ह्या शर्यतीस महाकाव्य ठरविलें. त्यांतील भूगोल होमरच्या काव्यांतला, आणि पर्वत हे सजीव प्रतिपक्षी. प्रोव्हान्समधील मों व्हांतू हा १,९१० मीटर उंचीचा डोंगर त्याच्या लेखीं बळी मागणारें एक दुष्ट दैवत आहे. निबंध चमकदार आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांत पर्वत आहे, रस्ता नाहीं. वीर आहेत, गांवकरी नाहींत. बार्तचा हेतु वृत्तपत्रांनीं रचलेलें मिथक उलगडून दाखविण्याचा होता, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तथापि रूपक ही कांहीं निरुपद्रवी वस्तु नव्हे. १३ जुलै १९६७ रोजीं इंग्लंडचा टॉम सिम्प्सन ह्याच डोंगराच्या अखेरच्या चढावर कोसळून मृत्यु पावला. कडक ऊन, अतिश्रम आणि उत्तेजक औषधें ह्यांनीं त्याचा घात केला. दैवताचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. त्या दिवसानंतर बार्तचा तो परिच्छेद पूर्वीइतक्या निर्धास्तपणें वाचतां येत नाहीं.

आतां त्याच डोंगरावर दुसऱ्या वाटेनें जाऊं. व्हील-स्यूर-ओझों ह्या गांवापासून डी ९४२ हा रस्ता नेस्क नदीच्या खोल दरीच्या कडेकडेनें सो गांवाकडे चढत जातो. घाईचीं वाहनें डी १ ह्या अधिक सरळ रस्त्यानें जातात. त्यामुळें दरीच्या वाटेवर वर्दळ थोडी असते. चढ मंद आहे. मधून मधून खडकांत कोरलेले आंखूड बोगदे लागतात, आणि कास्तेलारासच्या टोकावर प्रोव्हान्साल भाषेचा कवि फ्रेदेरिक मिस्त्राल ह्याच्या ओळी कोरलेली शिळा उभी आहे. सो गांवाभोंवतीं लॅव्हेंडरचीं शेतें आहेत. तेथून शिखर २६ किलोमीटर. शेतें संपलीं कीं ओक व बीच ह्यांचें रान सुरू होतें. शाले रेनार येथें हा रस्ता शर्यतीच्या रस्त्यास मिळतो, आणि उरलेले सहा किलोमीटर पांढऱ्या चुनखडीच्या ओसाडींतून जातात. रानाची ती सावली निसर्गानें दिली असें प्रवाशास वाटतें. परंतु तसें नाहीं. जहाजें बांधण्यासाठीं व जळणासाठीं हा डोंगर शतकानुशतकें तोडून बोडका केलेला होता; १८६० नंतर त्यावर माणसांनीं पुन्हां झाडें लावलीं. निवांत वाटेवरची सावलीदेखील कोणाच्या तरी हातची असते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस परत यावयाचें आहे.

ह्याच डोंगराच्या नजरेच्या टप्प्यांतील पर्न-ले-फोंतेन गांवीं १८५३ मध्यें पॉल द व्हिव्ही जन्मला. सेंत-एत्येन शहरांत रेशमाचा व्यापार करतां करतां त्याला सायकलीचा छंद लागला, आणि १८८७ मध्यें त्यानें ‘ल सिक्लिस्त’ हें मासिक काढलें. ‘व्हेलोसिओ’ ह्या टोपणनांवानें त्यानें त्यांत वर्षानुवर्षें लिहिलें. चढावर पाय हलका व्हावा म्हणून सायकलीस अनेक गिअर असावे, ह्या मताचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. उलट शर्यतीचा प्रवर्तक आंरी देग्रांज ह्यास गिअर म्हणजे पौरुषाची हानि वाटे. प्रमुख स्पर्धकांस गिअर बदलण्याचें यंत्र वापरण्याची मोकळीक १९३७ मध्यें मिळाली. वरवर हा वाद दांत्यांच्या चक्रांचा दिसतो. खरोखर तो दोन रसांचा वाद होता. रस्ता हें शत्रूचें मैदान मानलें तर तो कठीणच हवा. तो सोबती मानला तर त्याच्याशीं जुळवून घेण्याची युक्ति हवी.

व्हेलोसिओनें प्रवाशांसाठीं सात नियम घालून दिले होते. विश्रांति थोडी व क्वचित् घ्यावी. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें. थकवा इतका येऊं देऊं नये कीं जेवण व झोंप नकोशी होईल. प्रवासांत तरी मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी, असें त्यांचें सामान्य स्वरूप आहे. शेवटचा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: केवळ अभिमानापोटीं पाय मारूं नयेत. पहिले सहा नियम आरोग्याचे आहेत. सातवा साहित्याचाहि आहे. बार्तच्या महाकाव्यास त्याच्या जन्मापूर्वींच दिलेलें हें उत्तर होय. १९३० मध्यें सेंत-एत्येनच्याच रस्त्यावर ट्रॅमच्या धडकेनें हा वृद्ध प्रवासी निवर्तला. शहराच्या दक्षिणेस १,१६१ मीटर उंचीची ‘रेप्युब्लिक’ नांवाची खिंड आहे. तेथें त्याचें स्मारक आहे, आणि त्याच्या नांवानें त्या खिंडींत दरवर्षीं सायकलस्वारांचा मेळा भरत आला आहे.

त्याच सेंत-एत्येनमध्यें १९४७ सालीं जन्मलेल्या पॉल फूर्नेलचें ‘बझ्वँ द व्हेलो’ हें पुस्तक २००१ मध्यें निघालें. लहान लहान निबंधांचें हें पुस्तक आम्हांस ह्या परंपरेंतील सर्वांत परिपक्व फळ वाटतें. पडणें, वारा, थकवा ह्यांविषयीं तो इतक्या नेमकेपणानें लिहितो कीं, सायकलीवर कधीं न बसलेल्या वाचकाच्या पोटऱ्यांतहि गोळा यावा. वीररसाची पोकळ गर्जना येथें नाहीं आणि शृंगाराचा बगीचाहि नाहीं. परंतु त्याचा खरा विषय स्वाराचें शरीर हा आहे. वाटेवरचें गांव हा नव्हे. एवढ्यासाठीं त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. तरीहि परंपरेचा सर्वोत्तम लेखकसुद्धां जेथें येऊन थांबतो, तेथून पुढें एक पाऊल टाकावयाचें राहिलें आहे, असें आम्हांस वाटतें.

तें पाऊल म्हणजे, वाट निवांत कां आहे, हा प्रश्न. ईशान्येस म्यूझ नदीच्या प्रदेशापासून नैर्ऋत्येस लांदपर्यंत जो विरळ वस्तीचा पट्टा फ्रान्सच्या नकाशावर तिरपा पसरला आहे, त्यास तेथील भूगोलज्ञ ‘रिकामा कर्ण’ म्हणत आले आहेत. उत्तम निवांत रस्ते नेमके येथेंच आहेत. ह्या भागांतील लोझेर जिल्ह्याची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास १,४०,००० हून अधिक होती. आज ती ८०,००० हून कमी आहे. माणसें शहरांत, कारखान्यांत, खाणींत गेलीं. आणि १९१४ ते १९१८ ह्या काळांत जीं गेलीं तीं परतलींच नाहींत. त्या युद्धांत फ्रान्सचे १३ लाखांहून अधिक सैनिक मेले, आणि जवळजवळ प्रत्येक गांवीं त्यांच्या नांवांची शिळा उभी आहे. घरें मोजावीं तों दहा-बारा, आणि शिळेवर एकाच आडनांवाचे तीन-तीन तरुण, असें दृश्य ज्या वाटेवर दिसतें, तिला नुसती ‘रमणीय व शांत’ म्हणून पुढें जाणारा लेखक डोळे मिटून सायकल चालवीत आहे, असेंच म्हणावें लागेल. शांत म्हणजे निर्मनुष्य नव्हे. वाट कशामुळें शांत झाली हें कळल्यावर जो शम मनांत उरतो, त्यालाच शास्त्रकारांनीं रसाची पदवी दिली. नुसती शांतता ही अवघी अनुपस्थिति होय. शांताच्या मुळाशीं थोडा करुण असल्याशिवाय तो टिकत नाहीं.

ह्या कसोटीस एक क्षुद्र वाटणारी वस्तु कथा-निबंधांपेक्षां अधिक उतरते, हें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. फ्रान्सच्या सायकल-पर्यटन महासंघाची एक योजना आहे. तींत प्रत्येक जिल्ह्यांतील सहा ठिकाणें नेमलेलीं असतात. स्वारानें सवडीनें, हवीं तेवढीं वर्षें घेऊन, तेथें जावें आणि गांवांतील दुकानाचा किंवा कॅफेचा शिक्का आपल्या कार्डावर मारून घ्यावा. वेळेचें बंधन नाहीं, बक्षिसाची ईर्षा नाहीं. शिक्क्यासाठीं मात्र सायकलीवरून उतरावें लागतें, दार उघडावें लागतें, नमस्कार-चमत्कार करावे लागतात, आणि बहुधा एक पेला कॉफी घ्यावी लागते. अलीकडे अनेक गांवांतून तें दारच बंद झालें आहे. अशा ठिकाणीं शिक्क्याऐवजीं सायकलीसह छायाचित्र चालतें. ही सवलत सोयीची खरी. परंतु शिक्क्यांनीं भरलेलें जुनें कार्ड आणि छायाचित्रांनीं भरलेलें नवें कार्ड शेजारीं ठेवलीं, तर रिकाम्या कर्णाचा इतिहास त्यांतून वाचतां येतो.

ल्वार नदीकांठचा सुमारे ९०० किलोमीटरांचा आखीव सायकलमार्ग किंवा तसे इतर मार्ग ह्यांची आम्ही निंदा करीत नाहीं. मुलांबाळांसह निघालेल्या कुटुंबास ते वरदान आहेत, आणि त्यांच्यामुळें कांहीं गांवांत एखादें खानावळीचें दार पुन्हां उघडलें तर आनंदच आहे. त्यांच्या मार्गदर्शिकाहि आपलें काम चोख करोत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो लेखक निवांत वाटेविषयीं वाङ्मय म्हणून लिहूं पाहतो, त्यानें चढ, वारा आणि लॅव्हेंडर ह्यांबरोबर शिळेवरचीं नांवें वाचावीं, झाडें कोणीं लावलीं तें विचारावें, आणि उघडें असेल तें दार ठोठवावें. फूर्नेलच्या लेखणीस व्हेलोसिओच्या सातव्या नियमाची जोड आहे. तिला गांवकऱ्यांची ओळख मिळाली, तर फ्रान्सच्या पांढऱ्या वाटांस त्यांच्या योग्यतेचें पुस्तक लाभेल. तें पुस्तक आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं.