येणं आणि पाहिलेलं असणं

परवा नातवाला सहज विचारलं, "रानात वाट चुकलास तर काय करशील रे?" तो म्हणाला, "आजोबा, नदी शोधायची आणि तिच्या कडेकडेनं चालत सुटायचं." हे कुठून शिकलास, तर 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' बघून. आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, रानातलं मला काय कळणार? पण एखादी गोष्ट 'येते' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मात्र माझ्या विषयातला आहे.

डिस्कव्हरी वाहिनीवर 2006 ते 2011 हा कार्यक्रम चालला. बेअर ग्रिल्स एकटाच निर्जन प्रदेशात उतरतो आणि माणसांपर्यंत पोचतो, अशी मांडणी. 2007 मध्ये बातम्या आल्या, की चित्रीकरणाच्या काळात काही रात्री तो हॉटेलात झोपला होता. मग कार्यक्रमात खुलाशाची पाटी आली. बरेच टीकाकार इथंच थांबतात, फसवणूक झाली म्हणतात. माझा आक्षेप तो नाही. नाटकातला राजा घरी जाऊन पिठलं-भाकरी खातो, म्हणून नाटक खोटं ठरत नाही.

आक्षेप वेगळा आहे. वाट चुकलेल्या माणसाला शोधपथकातली माणसं काय सांगतात? थांब. ऊब राख. दिसशील असा राहा. वाट बघ. आता बघा, थांबणं चित्रित कसं करणार? पाऊण तास माणूस झाडाखाली बसलाय, कोण बघेल? म्हणून ग्रिल्स चालतो, कडा उतरतो, गार पाण्यात उडी घेतो. स्वतःची लघवीसुद्धा पितो. अमेरिकन सैन्याच्या पुस्तिकेत तर ती पिऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. आपण समजतो, करमणूक म्हणजे कडू औषधावरची साखर. इथं औषध कोणतं द्यायचं हेच साखर ठरवते!

याच्या शेजारी कॅनडाचा लेस स्ट्राउड ठेवा. 'सर्व्हायव्हरमॅन' मध्ये तो साधारण सात दिवस एकटा राहतो आणि चित्रीकरणही स्वतःच करतो. कॅमेरा लावायचा, लांब चालत जायचं आणि कॅमेरा आणायला पुन्हा मागं यायचं. त्याच्याकडे भूक दिसते, कंटाळा दिसतो, न पेटलेली आग दिसते. तोही टीव्हीच आहे, मान्य. पण अपयश कापून टाकलेलं नाही, म्हणून त्यातून थोडं तरी शिकता येतं.

प्लेटोच्या 'आयन' संवादात होमरचं काव्य गाणारा एक कलावंत आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो, रथ हाकण्याबद्दल होमर बरोबर बोलतो की नाही, हे कोण ठरवणार, तू की सारथी? सारथी, हे त्याला कबूल करावं लागतं. आपला प्रेक्षक त्या कलावंताच्याही पुढं गेलाय. नुसतं ऐकून तो स्वतःला सारथी समजतो. आणि अज्ञानापेक्षा ही समजूत जास्त धोक्याची, कारण अडाणी माणूस निदान थांबतो, याला मात्र चालायचं असतं.

आणखी एक गोष्ट. तू कुठं आहेस हे कुणाला माहीत आहे का, हा रानातला पहिला प्रश्न. ग्रिल्सच्या कार्यक्रमात तो उद्भवतच नाही, कारण कॅमेरावाला शेजारीच उभा असतो. म्हणून नातवाला एवढंच म्हणालो, "बघ बाबा, खुशाल बघ. पण ट्रेकला निघताना कुठं चाललास आणि कधी परतणार, ते घरी सांगून जा."