‘म्हणे’ आणि भय: भयकादंबरीच्या टीकेविषयी

भयकादंबरी वाचताना टीकाकाराला नेमके काय खटकते, याचा उलगडा या प्रकाराच्या जन्मकाळातच बऱ्याच अंशी होतो. होरेस वॉल्पोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ १७६४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर या बतावणीने. ‘मंथली रिव्ह्यू’च्या परीक्षणकाराने तिच्यातील अद्भुताला नाक मुरडले, तथापि ते ज्याला पचेल त्याचे चांगले रंजन होईल, असा निर्वाळाही दिला. १७६५ मधील दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने आपले कर्तृत्व मान्य करताच त्याच नियतकालिकाने अभिप्राय फिरविला. अडाणी युगाला दिलेली सवलत सुसंस्कृत समकालीनास कशी द्यावी, असा त्याचा सूर होता. कथा तीच होती, राजपुत्राला चिरडणारे प्रचंड शिरस्त्राणही तेच होते. मराठीत ‘वाड्यात भूत आहे म्हणे’ आणि ‘वाड्यात भूत आहे’ या दोन वाक्यांत जो भेद आहे, तोच येथे घडला. पहिल्या वाक्यात विधानाची जबाबदारी बोलणाऱ्यावर नसते. वॉल्पोलने ‘म्हणे’ काढून टाकला आणि टीकाकार बिथरला. आक्षेप भुताला नव्हताच. ते कोणाच्या तोंडून यावे, याला होता.

मॅथ्यू लुइसच्या ‘द मंक’चे (१७९६) असेच झाले. पहिली आवृत्ती निनावी होती. दुसरीवर नाव आले व पार्लमेंटचे सदस्यत्वही छापले गेले. १७९७ मध्ये ‘क्रिटिकल रिव्ह्यू’त कोलरिजने रक्तलांछित जोगिणीच्या उपकथेची वाखाणणी केली, मात्र बायबलविषयीच्या मजकुरावर आणि एका विधिमंडळ-सदस्याने असे लिहावे यावर तो तुटून पडला. १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत लुइसने पुष्कळ काटछाट केली.

ॲन रॅडक्लिफचा विचार या गदारोळाहून अधिक मोलाचा आहे. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती भयाच्या दोन जाती मानते: एक अस्पष्टतेतून उपजणारी व चित्ताला विस्तारणारी, दुसरी सर्व काही उघडे दाखवून चित्ताला गोठविणारी. मराठी अभ्यासकाला येथे भयानक व बीभत्स आठवावेत, हे स्वाभाविकच होय. पण हे साम्य फार ताणू नये. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा. वस्तू स्पष्ट आहे की धूसर, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. खरा दुवा अन्यत्र आहे. ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाच्या वर्णनावर लिहिताना अभिनवगुप्ताने दाखविले आहे की, रसिकाच्या ठायी ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ असा व्यक्तिनिष्ठ प्रत्यय नसतो. देशकालाच्या बंधनातून सुटलेले भय तेवढे उरते. व्याकरणाच्या भाषेत, भयाला कर्ताच राहत नाही. भयकथेचा वाचक पुस्तक खाली ठेवत नाही, तो यामुळेच. वाचक कथेतले भय सत्य मानून बिघडतो, हे टीकाकारांचे गृहीत असल्याने हा आस्वाद त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’चा या बाबतीत बहुधा उलटा अर्थ लावला जातो. कॅथरिनला वाचनाने फसविले, हे खरे. पण त्याच कादंबरीतील समंजस हेन्री टिल्नीनेही रॅडक्लिफची ‘उडॉल्फो’ दोन दिवसांत, अंगावर काटा येत असताना, संपविलेली आहे. त्याचे काही बिघडलेले दिसत नाही. शिवाय ज्या जनरलवर कॅथरिन खुनाचा संशय घेते, तो खुनी नसला तरी तिला एकटीने लांबच्या प्रवासाला घराबाहेर काढण्याइतका निर्दय ठरतोच. तिचा तपशील चुकला, माणूस चुकला नाही. या कादंबरीत इझाबेला आपल्या मैत्रिणीला ज्या सात भयकादंबऱ्यांची नावे सांगते, ती ऑस्टिनने थट्टेने रचली असावीत, असा समज पुढे रूढ झाला. ती सातही पुस्तके १७९३ ते १७९८ या काळात खरोखरच छापली गेली होती, हे दाखवून द्यायला १९२७ मध्ये मायकेल सॅडलियरला निबंध लिहावा लागला.