कोरडी माशी आणि अनुकरणाचा प्रश्न

फ्रेडरिक हॅल्फर्ड याचा 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टु ड्रेस देम' हा १८८६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ झाशीत बसून वाचणे हा काहीसा विपरीत उद्योग आहे. येथील बेतवेत महसीर आहे. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या ट्राउट माशाला थंडगार पाणी लागते, आणि ते बुंदेलखंडात मिळणे नाही. गळ टाकण्याचा मोहच नसल्यामुळे ग्रंथाकडे निव्वळ ग्रंथ म्हणून पाहता येते, एवढाच लाभ.

मेफ्लाय हा कीटक नदीतळाच्या गाळात एकदोन वर्षे काढतो. पंख फुटल्यावरही एकदा कात टाकतो. मग खाण्यास समर्थ असे तोंडही त्याला उरत नाही आणि एकदोन दिवसांत वंशविस्तार उरकून तो मरतो. पाण्यावर तरंगणाऱ्या या जिवाची प्रतिकृती गळावर बांधावयाची. दांड्यावर रेशमी धागा गुंडाळावयाचा, पंखांसाठी पिसांचे तुकडे उभे करावयाचे, आणि कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस भोवती असे फिरवावयाचे की, त्याचे सुटे तंतू पाण्यावर टेकून माशी कोरडी तरंगावी. हे सांगताना हॅल्फर्डचा एकही शब्द सैल पडत नाही. हस्तकर्माचे इतके नेमके वर्णन मराठीत क्वचितच आढळते. आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांतही 'अंदाजाने' या शब्दावर पुष्कळ काही सोपविलेले असते.

परंतु अनुकरणाच्या या ध्यासातच ग्रंथाची उणीव आहे. पंखांची छटा, पोटाची वलये, शेपटीचे तंतू यांचा हिशेब ठेवताना, हे सारे कोणाच्या डोळ्यांसाठी चालले आहे याचा लेखकाला विसर पडतो. तो बांधतो ती माणसाने हातात धरून पाहिलेली माशी. मासा तिला खालून, उजेडाच्या विरुद्ध पाहतो. पुढे हॅल्फर्डने व त्याच्या अनुयायांनी या पद्धतीला सोवळ्याचेच रूप दिले. बुडती माशी टाकणारा ओवळा ठरला! मासा आपले बरेचसे खाणे पाण्याखालीच उरकतो, हे जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या सॉलिसिटराने १९१० साली 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम'मध्ये मांडले. तरीही १९३८ साली तेथील फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर वाद झालाच.

कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाचे प्रकरण लिहिले आहे. माशांचे प्रकार कोणते व कोणास काय खाऊ घालावे, याचा तपशील त्यात आहे. राजाजवळ हॅल्फर्डची सूक्ष्मता नाही. पण मासा त्याच्या नजरेआड होत नाही. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघालेला आहे. तो हॅल्फर्डशेजारी ठेवून वाचावा.