जतन कोणाचे, किंमत कोणाची? : 'पुराणमतवादी' या संज्ञेची एक चिकित्सा

मराठी राजकीय चर्चेत 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या संज्ञेसाठी पुराणमतवादी, सनातनी, स्थितिवादी, प्रतिगामी असे अनेक शब्द वापरले जातात. मात्र यांतील बहुतेक शब्द भूमिकेचे वर्णन करीत नाहीत, तिच्यावर निकाल देतात. इंग्लंडमध्ये एक मोठा पक्ष १८३० च्या दशकापासून हेच नाव उघडपणे धारण करीत आला आहे. महाराष्ट्रात स्वतःला प्रतिगामी म्हणवून घेणारा मनुष्य सापडणे कठीण. त्यामुळे काही तरी टिकवू पाहणाऱ्या राजकारणाचा येथे एकतर धिक्कार होतो, नाहीतर ते दुसऱ्याच नावाने वावरते. त्याची समीक्षा मात्र क्वचितच होते.

एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना आणि मायकेल ओकशॉटने १९५६ च्या आपल्या निबंधात या भूमिकेची जी मांडणी केली, तिचा गाभा थोडक्यात असा : जे आहे ते अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडलेले आहे, म्हणून ते मोडावयाचे असल्यास सिद्धतेचा भार मोडणाऱ्यावर असावा. ही भूमिका बदलाला सरसकट नकार देत नाही. ती बदलाचा वेग आणि बदल घडविणाऱ्याचा अधिकार यांविषयी प्रश्न विचारते.

महाराष्ट्रात या भूमिकेची सर्वांत कठोर परीक्षा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने घेतली. मुलीचे संमतिवय १० वरून १२ करणाऱ्या या विधेयकाला लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून कडवा विरोध केला. त्यांना केवळ रूढीचे पाठीराखे ठरविणे सोपे असले तरी अचूक नाही. मुलींचे विवाह १६ व्या आणि मुलांचे २० व्या वर्षापूर्वी करू नयेत, आणि हे बंधन सुधारकांनी प्रथम स्वतःवर घालून घ्यावे, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. त्यांचा आक्षेप परकीय सरकारने समाजाच्या आचारात कायद्याने हात घालण्याला होता. समाज शिक्षणाने आणि स्वतःच्या गतीने बदलेल, असे त्यांचे म्हणणे होते. तर्क म्हणून हा युक्तिवाद बर्कच्या जवळचा आहे आणि तो सुसंगतही आहे. तरीही तो एका ठिकाणी कोसळतो. १८९० मध्ये कलकत्त्यात उभ्या राहिलेल्या खटल्यातील फुलमणी ही सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगाने मृत्यू पावली होती, आणि तिचे वय १० च्या पुढे असल्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. समाज आपल्या गतीने बदलेपर्यंतची किंमत टिळक किंवा त्यांचे वाचक देणार नव्हते. ती अशा मुली देणार होत्या. आगरकरांनी 'सुधारका'तून हे ओळखले होते. न्यायमूर्ती रानड्यांची भूमिका तर अधिक गुंतागुंतीची होती : सुधारकाला कोरी पाटी मिळत नाही, हे मान्य करूनही त्यांनी कायद्याची बाजू घेतली. रानड्यांना आपण उदारमतवाद्यांच्या यादीत टाकून मोकळे होतो, हा आपल्या वाङ्मयीन इतिहासाचा आळस होय.

शंभर वर्षांनंतर हाच युक्तिवाद वसईत वेगळ्या मुखातून ऐकू आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरार पट्टा नागरीकरणासाठी खुला होऊ लागला आणि १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने वाड्या, विहिरी आणि बावखले राखण्यासाठी आंदोलन केले. बावखल म्हणजे बागायतीतले गोड्या पाण्याचे तळे. ते पावसाचे पाणी जमिनीत मुरवते आणि विहिरींत खारे पाणी शिरू देत नाही. कोणा एका अभियंत्याने न आखलेली ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाचे उदाहरण म्हणून बर्कलाही चालली असती. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली जाऊन रेल्वे ठप्प झाली, तेव्हा बुजविलेल्या पाणथळ जागांची आठवण अनेकांना झाली.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांच्या समावेशाविरुद्धच्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित त्याच वर्षी अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. ग्रामपंचायत टिकावी, बाहेरच्या सत्तेने गावाचे रूप ठरवू नये, ही मागणी शब्दशः जतनवादी होती. परंतु याच पंडितांनी श्रमजीवी संघटनेच्या माध्यमातून १९८० च्या दशकात वेठबिगारांच्या मुक्तीचा लढा दिला होता. त्या लढ्यात गावाची जुनी व्यवस्था मोडणे हेच ध्येय होते. एकाच कार्यकर्त्याला पुरोगामी म्हणावे की पुराणमतवादी? प्रचलित शब्दसंग्रहाजवळ याचे उत्तर नाही, कारण तो माणसाची प्रकृती मोजतो. काय टिकवायचे आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारीत नाही.

आज परंपरेचे नाव घेणारे राजकारण तरी या कसोटीला उतरते काय? जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलेल्या प्रकल्पाला त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये संमती दिली होती. बंदराच्या गुणदोषांचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, किनाऱ्याचे रूप मुळापासून बदलू पाहणारा पक्ष संस्कृतिरक्षक म्हणवला जातो, आणि मासेमारीची जुनी जागा राखू पाहणाऱ्या मच्छीमारांवर विकासविरोधी असा शिक्का बसतो. सिद्धतेचा भार येथे उलटा फिरला आहे. डाव्या समीक्षकांचीही अडचण कमी नाही. मच्छीमारांच्या बाजूने उभे राहताना ते परंपरा, पूर्वजांचा हक्क, जागेशी असलेले नाते यांचाच आधार घेतात. फक्त या आधाराला जतनवाद म्हणावयास ते संकोचतात.

तथापि वसईच्या हिरवाईचा युक्तिवादही १८९१ च्या प्रश्नातून सुटत नाही. पश्चिमेकडील वाडीवाल्याजवळ जपण्याजोगे काही आहे. महामार्गापलीकडे, चिंचोटी-कामणच्या बाजूने तुंगारेश्वरच्या डोंगरांकडे गेले की जतनाचा अर्थ पालटतो. आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत आली, ती वन खात्याच्या कागदावर अतिक्रमण होती. तेथे 'आहे ते राहू द्या' म्हणणे म्हणजे तो कागद राहू द्या म्हणणे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आदिवासींचा ताबा हक्क म्हणून मान्य केला. जुने टिकविण्यासाठी येथे नवा कायदा करावा लागला, आणि समाजाच्या संथ गतीवर विसंबून राहिले असते तर हा ताबा कागदावर अतिक्रमणच राहिला असता.