‘आराखडा’ ही उपमा कोठे अपुरी पडते?

डीएनए म्हणजे सजीवाचा आराखडा, असे आपण वर्गात सांगतो. आनुवंशिकता शिकवताना ही उपमा उपयोगी पडते. पण तेथेच थांबल्यास जो गैरसमज होतो, त्याचा त्रास वर्गाबाहेर जाणवतो.

१६ मार्च २०२२ पासून देशभर १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स लस देण्यास सुरुवात झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सातवी-आठवीची मुलेही याच वयोगटातली. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीच्या या लशीत करोना विषाणूच्या प्रथिनाचा एक भाग असतो. सोबत प्रतिसाद वाढवणारे दोन पदार्थ असतात: अ‍ॅल्युमिनियमचे संयुग आणि २२ न्यूक्लिओटाइडांचा कृत्रिम डीएनए. ‘आराखडा’ एवढेच शिकलेला विद्यार्थी विचारणारच, “मग माझा आराखडा बदलेल का?” उपमेपाशी याचे उत्तर नाही.

ते रेणूच्या रचनेत आहे. जीवाणूंच्या डीएनएमध्ये सायटोसिननंतर लगेच ग्वानिन, म्हणजे ‘सीजी’ ही जोडी वारंवार येते. सस्तन प्राण्यांत ती विरळ असते आणि तिच्यातील सायटोसिनला बहुधा मिथिल गट जोडलेला असतो. मिथिल गट नसलेली जोडी उंदराच्या बी-पेशींना थेट चेतवते, हे आर्थर क्रीग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. ती ओळखणारे टीएलआर-९ हे प्रथिन २००० मध्ये जपानच्या शिझुओ अकिरा यांच्या गटाने शोधले. हे प्रथिन पेशीकेंद्रकात नसते. पेशीने बाहेरून आत घेतलेले पदार्थ ज्या पिशव्यांत जातात, तेथे असते. तेथे डीएनएमधील सूचना कोणी वाचत नाही. ‘जीवाणू आला असावा’ एवढा इशारा पेशीला मिळतो. कृत्रिम तुकड्यात तर कोणत्याही प्रथिनाची सूचनाच नसते.

हा इशारा माणसापुरता नाही. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या पेशीही तो ओळखतात. असे तुकडे मिसळल्यावर कुत्रा व मांजर यांच्या रोगप्रतिकारक पेशींची वाढ होते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र येथे दुसरी घाई टाळावी. काचेच्या बशीत पेशी वाढल्या म्हणजे कुत्र्याला रोगापासून संरक्षण मिळाले, असे होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्राण्यांवर चाचणी लागते. कुत्र्यांना सर्रास दिली जाणारी रेबीजची लसही मृत विषाणूंचीच असते.

म्हणून ‘आराखडा’ जरूर सांगावा, पण त्याआधी डीएनए हा एक रेणू आहे हे सांगावे. तो कोठे आहे, किती लांब आहे आणि त्याला कोणते प्रथिन भेटते, यावर त्याचे काम ठरते. मग वर्गाला एक प्रश्न द्यावा: तुकड्यातील ‘सीजी’ उलटून ‘जीसी’ केले, तर पेशी चेतते का? न्यूक्लिओटाइडे तीच असूनही परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. याचे कारण मुलांनाच शोधू द्यावे.